पुणे ते चिपी: दशम्या तशाच राहिल्या

आईनं आदल्या रात्री दशम्या केल्याच. विमान तासाभराचं आहे, हे मी तीनदा सांगून झालं होतं. पण पुण्याहून सिंधुदुर्गातल्या परुळ्याला, तिच्या माहेरी जायचं म्हणजे रात्रीची गाडी, कोल्हापूरला चहा, मग घाट आणि उजाडताना कुडाळ. हे तिच्या अंगवळणी पडलेलं. मणक्याच्या ऑपरेशननंतर तो घाट तिला सोसेना आणि चार वर्षं माहेर सुटलं.

रस्त्यानं हे अंतर ३८० किलोमीटरच्या आसपास भरतं. नकाशावर पट्टी ठेवून पुण्याचा लोहगाव विमानतळ आणि परुळ्याजवळचं चिपी जोडलं, तर जेमतेम २९०. ती रेघ धोम आणि कोयनेच्या जलाशयावरून जाते आणि पुढे सह्याद्री उतरते. मधले नव्वद किलोमीटर घाट शोधत फिरण्याचे. चिपीचा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, पुण्याहून विमान मात्र २०२४ च्या ऑगस्टअखेर आलं. त्या दिवसापासून माझं मन त्या २९० वर अडकलं होतं.

तिकिटावर वेळ एक तास पाच मिनिटं. यात सगळं उडणं नसतं. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं, ते उतरून थांबेपर्यंत. लोहगाव हवाई दलाचा तळ, तिथे धावपट्टीची वाट पाहावी लागते. आम्ही हवेत होतो ४६ मिनिटं, मी मोजली. एटीआर हे पंख्यांचं विमान, ताशी पाचशे किलोमीटरच्या आतबाहेर जाणारं. एवढ्याशा अंतराला जेटनं फारसा वेळ वाचत नाही, कारण निम्मा वेळ चढण्या-उतरण्यातच जातो. शिवाय एटीआरचे पंख खिडकीच्या वर असतात, त्यामुळे खालचा मुलूख मोकळा दिसतो. कोयनेचं पाणी डोंगरांच्या बोटांत शिरलेलं आई कपाळ काचेला टेकवून पाहत होती.

कडे संपले आणि रंगच बदलला. लोहगाव समुद्रसपाटीपासून ५९० मीटरवर, चिपी साठेक मीटरवर. आईच्या कानांना दडे बसले, मी तिला लिमलेटची गोळी दिली. आमच्या खिडकीतून चाकं बाहेर येताना दिसली. खाली जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं पठार, मार्चमधलं पिवळं गवत, पलीकडे समुद्र. चाक टेकलं तसा त्यातून धुराचा एक झोत निघाला.

"इला पण?" आलंसुद्धा? आई मालवणीत म्हणाली. आणि लगेच, "ह्यो आमचो सडो गो!" लहानपणी ती गुरं घेऊन इथेच यायची.

एक मात्र सांगायला हवं. जुलैत पुन्हा जायचं ठरवलं, तर आदल्या संध्याकाळी विमान रद्द झाल्याचा मेसेज आला, आणि आईची भरलेली बॅग आठवडाभर कोपऱ्यात पडून राहिली. पावसाळ्यात या मार्गावर लग्नकार्याची वेळ विमानाच्या भरवशावर ठेवू नये. वयस्कर माणूस बरोबर असेल, तर एक दिवस हातचा ठेवाच.

त्या मार्चमध्ये घरातून निघून मामाच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, पोचेपर्यंत सव्वाचार तास लागले. मामी घावणे घालत होती. आईनं पिशवीतून दशम्यांचा डबा काढून तिच्यापुढे ठेवला. अजून मऊ होत्या. चहाबरोबर सगळ्यांनी त्याच आधी खाल्ल्या.