५६० टीएमसीचं गणित

आमच्या दाराच्या चौकटीवर २०१९ च्या पुराची रेघ अजून दिसते. आईनं रंग देताना तेवढा पट्टा मुद्दाम सोडला. त्या ऑगस्टमध्ये आमच्या कृष्णाकाठच्या गावात एकच शब्द होता: अलमट्टी. कृष्णेवरचं, आमच्या खालच्या अंगाला कर्नाटकात असलेलं धरण; त्याच्या फुगवट्यानं आमच्याकडं पाणी चढतं, असं सगळे म्हणायचे.

कृष्णेच्या पाण्यावरून राज्यांतला तंटा सोडवायला बच्छावत लवाद १९६९ साली नेमला गेला. ७८ वर्षांच्या नोंदींवरून त्यानं कृष्णेचं ७५ टक्के विश्वासार्हतेचं पाणी २०६० टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) धरलं आणि वाटून दिलं: महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकला ७००, आंध्रला ८००. विश्वासार्हता म्हणजे शंभरातल्या पंचाहत्तर वर्षांत निदान तेवढं पाणी येणारच. उरलेल्या पंचवीस वर्षांची तूट कुणी सोसायची, यावरच खरी भांडणं होतात.

२०१० मध्ये कृष्णेसाठीच्या दुसऱ्या, ब्रिजेश कुमार लवादानं अलमट्टीत पाणी साठवायची पातळी समुद्रसपाटीपासून ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटर करायला मान्यता दिली. हा आकडा ऐकला की नदीकाठच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. पुराचा सगळा दोष धरणाचा असं मी म्हणणार नाही. नदीपात्रात आपणही बांधकामं केलीच की. पण पाणी कधी, किती सोडायचं हे दोन्ही राज्यांनी पावसाआधीच बसून ठरवायला हवं, एवढं मला पक्कं वाटतं.

आणि आमच्या याच सांगली जिल्ह्यात जत हा दुष्काळी तालुका आहे. तिथल्या सीमेवरच्या गावांनी पाण्यासाठी कर्नाटकात जायचा ठराव केला होता. आमच्या चौकटीवर पुराची रेघ, आणि तिथं बायाबापड्या टँकरपुढं घागरी मांडून उभ्या. नदी एकच, कृष्णा.