आखाजी ते मृग, म्हातारपणी पायांच्या स्नायूंचा हिशेब

सोमवार

आखाजी, म्हणजे आपल्या खानदेशातली अक्षय तृतीया, झाली. माहेरवाशिणी परत गेल्या, झोके उतरले, आणि गावातल्या वयस्क माणसांचा वर्षातला सगळ्यात बसका काळ सुरू झाला. ज्यांच्या विहिरीला पाणी आहे त्यांची ठिबकवरच्या कपाशीची गडबड. बाकीच्यांना मृगापर्यंत काम नाही आणि बाहेर पारा ४४-४५ वर. सकाळी नऊनंतर माणूस ओट्यावरून घरात आणि घरात कूलरसमोर. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की हेच आप्पा, हेच नाना बांधावर उभे राहून म्हणतात, "आते पायमा जोर नही ऱ्हायना." घरचे म्हणतात, वय झालं. वय तर होळीलाही तेवढंच होतं.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धडधाकट वृद्धांना दोन आठवडे फक्त चालणं कमी करायला लावलं, दिवसाला साधारण दीड हजार पावलांपर्यंत. आजार नाही, उपास नाही. तेवढ्यात पायांतलं चरबी वगळून उरणारं वजन सुमारे ४ टक्के उतरलं. शिवाय जेवणातल्या प्रथिनांपासून नवा स्नायू बांधण्याचा वेगही मंदावला. मला हा दुसरा भाग जास्त गंभीर वाटतो. बसून राहिलेला स्नायू नुसता झिजत नाही, तो ताटातलं अन्नही नीट उचलत नाही. तरण्या माणसात ही अडचण सहसा काम सुरू झालं की सुटते. साठीनंतर सुटायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पुढचं आजारपण येतं.

बाजेवर पडलं तर हिशेब आणखी वाईट. २००७ चा अमेरिकेतला अभ्यास: १२ निरोगी वृद्ध, १० दिवस पूर्ण अंथरुणात. दोन्ही पायांतून मिळून जवळपास १ किलो मांस गेलं. आपल्याकडे लू लागली, ताप आला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की पाहुण्यांचा पहिला सल्ला "आता पडूनच राहा" हा असतो. डॉक्टरांनी स्पष्ट मनाई केलेली नसेल तर प्रत्येक जेवणाआधी बाजेच्या कडेला बसायचं आणि आधार धरून पाच वेळा उभं राहायचं. पडल्या पडल्या पंजे वरखाली केल्याने रक्त फिरतं, ते चांगलंच आहे. पण मांडी त्याने टिकत नाही.

मंगळवार

स्नायू गेला हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि वजनकाटा इथे फसवतो. मांडीतला स्नायू जातो, त्याच्या जागी आणि पोटावर चरबी येते, काटा ६० वरच राहतो. पुण्याच्या डॉ. यज्ञिकांनी आपला आणि ब्रिटनमधले डॉ. युडकिन यांचा फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि यज्ञिकांची २१.२ टक्के. आपली भारतीय शरीरं दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीची. "आमचे बाबा सडपातळ आहेत" या वाक्यावरून स्नायूबद्दल काहीच कळत नाही.

घरी करायच्या मोजण्या दोन. आशियाई तज्ज्ञगटाचे २०१९ चे आकडे वापरायचे, युरोपातले नाहीत.

पहिली, पोटरी. माणूस खुर्चीवर, गुडघे काटकोनात, तळवे जमिनीवर. शिंप्याची टेप सगळ्यात जाड जागी, आवळायची नाही. पुरुषांत ३४ सेंटीमीटरपेक्षा कमी, बायकांत ३३ पेक्षा कमी आली तर शंका घ्यायची. पायाला सूज असेल तर ही मोजणी सोडून द्यायची. नडगीवर अंगठा दाबून धरला आणि खड्डा राहिला, तर टेप स्नायू नाही, पाणी मोजते आहे. त्याचं कारण डॉक्टरांनी शोधायचं.

दुसरी खुर्चीची, आणि मला विचाराल तर खरी हीच. हात नसलेली, लाकडी किंवा लोखंडी, बसायची उंची ४५ सेंटीमीटरच्या आसपास, पाठ भिंतीला टेकवलेली. लग्नाच्या मांडवातली प्लास्टिकची खुर्ची नको, तिचे पाय फाकतात. दोन्ही हात छातीवर फुली करून. 'सुरू' म्हटलं की पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं, पाचव्यांदा सरळ उभं राहिल्यावर मोबाइलचं घड्याळ थांबवायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पायांची ताकद कमी आहे. जमलंच नाही तर ताकद कमी आहे हे आकड्याविनाच कळलं.

यात घोळ ठरलेले असतात. हात नकळत छातीवरून सुटून मांडीवर येतो. गुडघे पूर्ण सरळ होण्याआधीच माणूस खाली जातो. शेवटच्या चार बोटांच्या अंतरात धपकन बसतो; मांडी वजन पेलत खाली सोडू शकत नाही, तेव्हा असं होतं. आणि गुडघा दुखतो म्हणून वेळ लागला तर तो दुखण्याचा आकडा आहे, ताकदीचा नाही. ते वेगळं लिहून ठेवायचं.

गुरुवार

"मी रोज महामार्गापर्यंत चालून येतो, अजून काय करू?" जळगावात असो की शहाद्यात, या प्रश्नाचं उत्तर कुणाला आवडत नाही. चालणं हृदयाला चांगलं, साखरेला चांगलं. जो स्नायू वयाने जातो त्याला मात्र ते पुरत नाही.

कारण असं. स्नायूत ढोबळपणे दोन जातींचे धागे: सावकाश, न थकणारे पहिल्या जातीचे आणि झटकन जोर लावणारे, लवकर थकणारे दुसऱ्या जातीचे. मेंदू त्यांना एका ठरलेल्या क्रमाने कामाला लावतो, आधी लहान चेतापेशींचे सावकाश धागे आणि जोर वाढेल तसे मोठे. एलवूड हेनमन यांनी हा क्रम दाखवून दिला. सपाट रस्त्यावर चालताना काम पहिल्यांवरच भागतं. मोठ्या धाग्यांना बोलावणंच जात नाही. आणि म्हातारपणी सुकतात ते बरोबर हेच दुसऱ्या जातीचे. स्वीडनच्या लेक्सेल यांनी १९८८ मध्ये मृत्यूनंतर काढलेले अख्खे मांडीचे स्नायू कापून धागे मोजले: विशी ते ऐंशीच्या दरम्यान स्नायूचं आकारमान सुमारे ४० टक्के कमी, धाग्यांची संख्याही घटलेली आणि उरलेल्यांत दुसऱ्या जातीचे बारीक झालेले. ठेच लागल्यावर पाय झटकन पुढे टाकून तोल सावरायचा असतो तो याच धाग्यांनी. पाच-पाच किलोमीटर चालणारा माणूस न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून खुबा मोडून घेतो, यात मग नवल उरत नाही.

निंदणीलाही हेच लागू. चार तास उकिडवं बसणं कष्टाचं आहेच, पण तो हलका भार फार वेळ पेलण्याचा कष्ट आहे. केळीचा घड खांद्यावरून बांधापर्यंत नेणं हा वेगळा प्रकार. रावेर-यावलकडची कापणीवाली माणसं जे करतात त्याला भाराचा व्यायाम म्हणता येईल, फक्त कंबर तिथे किंमत देते.

मग वय उलटल्यावर भार पेलवतो का? १९९४ मध्ये मारिया फियातारोने यांच्या गटाने वृद्धाश्रमातल्या १०० अशक्त माणसांवर प्रयोग केला, सरासरी वय ८७. दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, पायांना चांगला जड भार. ज्यांनी व्यायाम केला त्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त. ज्यांना फक्त पौष्टिक पेय दिलं त्यांच्यात फरक पडला नाही. प्रोटीन पावडरचे डबे विकणारे हा दुसरा निकाल कधी सांगत नाहीत.

स्नायूची वाढ रोखणारं मायोस्टॅटिन हे शरीरातलं प्रथिन १९९७ मध्ये सापडलं तेव्हापासून गोळी-इंजेक्शनची आशा आहे. त्याच वाटेवरचं एक औषध, बिमाग्रुमॅब, वृद्धांत तपासलं गेलं. मांस वाढलं; चालण्या-उठण्याच्या चाचणीत मात्र औषध न घेतलेल्यांपेक्षा सरस काही निघालं नाही. त्या दुसऱ्या गटालाही आहार आणि घरचा व्यायाम दिलेला होता, हे लक्षात ठेवायचं.

शनिवार

आता प्रत्यक्ष काय करायचं. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सुट्टी, सकाळी साडेसहाच्या आत.

खुर्चीवरून ऊठबस हा मुख्य. पुढे सरकून खुर्चीच्या काठावर बसायचं, तळवे गुडघ्यांच्या किंचित मागे, छाती पुढे झुकवायची, नाक पंजांच्या वर आलं की उठायचं. उठताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब उसळतो. खाली येताना मनात तीन मोजत यायचं. ८ ते १२ वेळा, मग दोन मिनिटं विश्रांती, अशा तीन फेऱ्या. फेरी संपताना 'अजून दोन-तीनच जमल्या असत्या' असं वाटलं पाहिजे. अजून दहा जमल्या असत्या तर भार कमी पडतोय. तीनही फेऱ्यांत १२ जमू लागल्या की वाढवायचं: नातवाच्या दप्तरात दोन किलो ज्वारी घालून ते छातीशी धरायचं, मग चार किलो, मग सहा. हे वाढवणंच लोक विसरतात. तीच ऊठबस, त्याच उंचीवर, तितक्याच वेळा सहा महिने केली, तर फायदा सुरुवातीच्या काही आठवड्यांत थांबतो.

ओट्याची पायरी, १५ ते २० सेंटीमीटर. पूर्ण तळवा पायरीवर आणि जोर वरच्या पायानेच. खालच्या पायाच्या बोटांनी जमिनीला रेटा दिला की सगळं काम तोच करतो आणि वरचा नुसता पाहुणा राहतो. ही लबाडी पकडायला खालच्या पायाचा पंजा उचलून धरायला सांगायचं, म्हणजे टाचच जमिनीवर राहते आणि रेटा देता येत नाही. उतरताना गुडघा आत वळत असेल तर पायरी उंच आहे. खाली एक फरशी टाकून उंची कमी करायची. दाराची चौकट धरून टाचा उचलणं आणि भिंतीवरचे जोर, हे दोन सोबतीला. पाठीसाठी सायकलची जुनी ट्यूब खांबाला अडकवून दोन्ही हातांनी पोटाकडे ओढायची. ट्यूब रोज ताणून चिरा बघायच्या. तुटली तर ती थेट डोळ्यावर येते.

पहिल्या दिवशी कुणी हौसेने शंभर बैठका काढतं. दुखणं २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं, तिसऱ्या दिवशी संडासला बसणं मुश्कील होतं आणि व्यायाम कायमचा सुटतो. पहिल्या आठवड्यात एकच फेरी पुरे.

पोलीस भरतीच्या पोरांसाठीही एक ओळ लिहून ठेवतो. नंदुरबार, धडगाव, अक्कलकुवा या पट्ट्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं वाहकपण बऱ्याच घरांत आहे. अमेरिकी सैनिकांवरच्या २०१६ च्या अभ्यासात वाहकांमध्ये अतिश्रमाने स्नायू फुटण्याचा धोका ५४ टक्क्यांनी जास्त निघाला. १६०० मीटरची तयारी मे महिन्यात दुपारी करायची नाही, आणि पळाल्यावर लघवी काळ्या चहाच्या रंगाची झाली तर त्याच दिवशी दवाखाना. त्यात मूत्रपिंड जाऊ शकतं.

रविवार

ताटाचा हिशेब. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२० चा आकडा दिवसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं, तो सर्व प्रौढांसाठी. वृद्धांसाठी तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सांगतात. ६० किलोला ६० ते ७२ ग्रॅम, आणि एका जेवणात २४ च्या आसपास असेल तर उत्तम. म्हाताऱ्या स्नायूला थोड्याथोडक्याने जाग येत नाही.

सकाळचा चहा-टोस्ट: तीन-चार ग्रॅम. रात्रीची खिचडी, ६० ग्रॅम तांदूळ आणि ३० ग्रॅम तूरडाळ: ११ ग्रॅम. दुपारी साध्या ज्वारीच्या दोन भाकऱ्या आणि वांग्याचं भरीत: १४-१५. दिवसाची बेरीज तिशीच्या घरात. म्हणजे निम्मंच.

इथे आपली कळण्याची भाकरी कामाला येते. तीन वाटे ज्वारी, एक वाटा अख्खे काळे उडीद दळले तर १०० ग्रॅम पिठात सुमारे १३ ग्रॅम प्रथिनं. प्रत्येकी ७० ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्या १८ ग्रॅम, २० ग्रॅम शेंगदाण्याची चटणी ५, वाटीभर दही ५: झाले २८. ज्वारीत लायसिन हा प्रथिनांचा एक घटक कमी, तो उडीद भरून काढतो. एक कागदावर न दिसणारी गोष्ट: ज्वारीची प्रथिनं शिजल्यावर पचायला जड होतात, त्यामुळे २८ मधले सगळे अंगी लागत नाहीत. म्हणून थोडं जास्तीचंच धरायचं.

रात्री खिचडीसोबत दोन अंडी, १२ ग्रॅम. माळकरी घरात २५ ग्रॅम सोयावड्या, तेवढेच. सकाळी पाव लिटर दूध आणि मूठभर फुटाणे. दात नसतील तर फुटाण्याचं पीठ करून दुधात कालवायचं. कवळी बसत नाही म्हणून डाळीचं पाणी आणि भात यावर राहणारी माणसं या भागात चिक्कार आहेत. त्यांचा पहिला उपाय दातांचा डॉक्टर आहे.

मूत्रपिंडाचा आजार असेल आणि डायलिसिस चालू नसेल तर हे आकडे लावायचे नाहीत, आधी विचारायचं. आणि त्यातही एक मेख आहे. मूत्रपिंड तपासायला रक्तात क्रिएटिनिन मोजतात, आणि ते स्नायूतूनच येतं. स्नायू सुकलेल्या माणसाचं क्रिएटिनिन ०.८ दिसलं तरी मूत्रपिंड चांगलंच आहे असं नाही. शंका असेल तर सिस्टॅटिन सी ही तपासणी सांगतात, तिच्यावर स्नायूचा परिणाम फारसा होत नाही.

मृगाआधी खुर्चीची चाचणी पुन्हा घ्यायची. एवढ्या आठवड्यांत पोटरीची टेप हलणार नाही, तिच्याकडे बघू नये. सुरुवातीचा फायदा चेतासंस्थेचा असतो, आकार नंतर येतो. पण सेकंद कमी झाले पाहिजेत. व्यायाम आणि जेवण दोन्ही नीट होऊनही ते वाढत असतील, किंवा न ठरवता वजन उतरत असेल, तर साखर, थायरॉइड, बी-१२ आणि छातीचा फोटो करून घ्यायचा. आणि एकच मांडी दुसरीपेक्षा बारीक होत असेल तर ते वय नव्हे. ते मणक्यातून निघणाऱ्या शिरेचं किंवा मधुमेहाचं दुखणं असू शकतं. तिथे ऊठबस थांबवून आधी डॉक्टरांना दाखवायचं.