तुम्ही विचारलंत म्हणून: आमचं पेज इतकं शांत का?

"एवढे सभासद आहेत, मग पेज इतकं सुनंसुनं का?" अनुवादकांच्या आमच्या संघटनेची मी सचिव. प्रत्येक सभेनंतर कुणीतरी मला बाजूला घेऊन आमच्या फेसबुक पेजबद्दल हे विचारतंच. नवे सभासद विचारतात, कार्यकारिणीतली तरुण मंडळी विचारतात. शिवाय एक जोडप्रश्न असतो: कुणी कमेंटमध्ये तक्रार केली की "फोन करते" एवढंच लिहून तुम्ही का थांबता? आजवर मी "वेळ मिळत नाही" म्हणून सुटका करून घेत आले. ते खरं नाही. वेळ आहे.

सोपं कारण आधी सांगते. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं की न्यूज फीडमध्ये मित्रांच्या आणि घरच्यांच्या पोस्ट पुढे येतील, पेजच्या मागे पडतील. आम्ही तोवर सर्वसाधारण सभेची सूचनासुद्धा पेजच्या भरवशावर सोडायला लागलो होतो. सूचना कशी द्यायची हे संघटनेच्या घटनेत लिहिलेलं असतं. "पेजवर टाकली होती" हे उत्तर तिथे चालत नाही. त्या वर्षी "आम्हाला दिसलंच नाही" म्हणणाऱ्या सभासदांपुढे मी उभी होते, आणि ते बरोबर होते.

यात दोष माझा होता. २०१५ मध्ये मीच कार्यकारिणीत आग्रह धरला होता की छापील वार्तापत्र बंद करा, पेज आहे ना. इतिवृत्तात ते वाक्य माझ्या नावावर आहे. तेव्हाच्या मला आज विचारावंसं वाटतं, वार्तापत्र परत आलं की सभासदाचा पत्ता बदलल्याचं कळायचं, ते आता कशावरून कळणार होतं? तीन वर्षांत आमची सभासदांची यादी शिळी झाली. पेज लाइक करणाऱ्यांत सभासद किती, विद्यार्थी किती, सहज येऊन गेलेले किती, हे सांगता येत नव्हतं. संघटनेच्या मालकीची गोष्ट म्हणजे तिची यादी. पेज दुसऱ्याच्या जागेत आहे.

पण खरं कारण हे नाही.

त्याच २०१८ साली पेजवर कार्यशाळेची पोस्ट टाकली होती. रात्री साडेअकराला तिच्याखाली एका ज्येष्ठ सभासद बाईंची कमेंट आली: "नोंदणीसाठी तीन ईमेल केले. एकालाही उत्तर नाही. सभासदांना असं वागवता?" मी लगेच वर्गणीची शीट उघडली. त्यांच्या नावासमोर दोन वर्षांचे रकाने रिकामे होते. मी लिहिलं: "आपली दोन वर्षांची वर्गणी थकीत असल्याने नोंदणी झालेली नाही. वर्गणी भरल्यास लगेच करू. आपली, सचिव." एकही शब्द उद्धट नव्हता. दहा मिनिटांत उत्तर दिलं याचं मला समाधानही वाटलं, आणि मी झोपले.

सकाळी साडेसातला पाहिलं तर माझ्या उत्तराला नऊ अंगठे आणि दोन हसरे चेहरे आले होते. हसणाऱ्यांपैकी एक माणूस बाईंना नेहमी काम देणारा होता. स्वतंत्रपणे काम करणाऱ्या माणसाला काम मिळतं ते नावावर, आणि मी त्या नावापुढे चारचौघांत "थकीत" असं लिहिलं होतं. मी कमेंट काढून टाकली. तोवर तिचा स्क्रीनशॉट तीन व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरला होता.

दुपारी त्यांचा फोन आला. आवाज शांत होता. "मी पैसे दिलेत. सभेत, रोख. माझ्याकडे पावती आहे."

मी म्हटलं, "पावतीचा फोटो पाठवता का?"

कमेंटपेक्षाही या वाक्याचा मला जास्त पश्चात्ताप आहे. त्या म्हणाल्या, "नाही पाठवणार," आणि फोन ठेवला.

चौथ्या दिवशी आधीच्या खजिनदारांनी जुनी कागदपत्रं आणून दिली. त्यात अर्धवट वापरलेलं एक पावतीपुस्तक होतं. स्थळप्रतीवर कार्बनची फिकट निळी अक्षरं: त्यांचं नाव, दोन्ही वर्षांची वर्गणी, रोख, खाली सही. ती नोंद शीटमध्ये कधी चढलीच नव्हती. ते पान हातात धरून मी बराच वेळ बसून होते.

फोन करून माफी मागितली आणि विचारलं, पेजवर जाहीर माफी लिहू का? त्या म्हणाल्या, "माझं नाव आता तिथे परत नको." आठवड्याभरात दोन ओळींचा राजीनामा आला. बावीस वर्षांच्या सभासद होत्या.

मी त्यांचं ऐकलं, काही लिहिलं नाही. त्यामुळे ज्यांनी माझं उत्तर वाचलं त्यांच्या लेखी बाई अजून थकबाकीदारच आहेत. कार्यकारिणीतले एक जण अजूनही म्हणतात, नाव न घेता तरी खुलासा करायला हवा होता. मी बाईंच्या इच्छेचा मान राखला, की त्यांची इच्छा माझ्या सोयीची पडली? मला उत्तर सापडलेलं नाही.

तर, "फोन करते" का, ते हे असं. आता नियम आहे: पेजवरच्या प्रत्येक कमेंटला दिवसाभरात पोच द्यायची, पण वर्गणी, तक्रार, सभासदत्व यांबद्दल तिथे अक्षर लिहायचं नाही. शंका असली तर दुसऱ्या कुणाला दाखवल्याशिवाय उत्तर टाकायचं नाही. पेजला तीन ॲडमिन आहेत, म्हणजे एकाचं खातं बंद पडलं तरी किल्ली हरवत नाही. यावर लोक "फार सरकारी वाटतं" म्हणतात. वाटू दे.

पण भीतीपोटी मी एक गोष्ट नक्की चुकीची केली. २०१८ मध्ये व्हॉट्सॲपवर "फक्त ॲडमिन लिहू शकतील" अशी सोय आली होती. या प्रकारानंतर मी आमच्या ग्रुपवर ती चालू केली. शांतता झाली आणि मला बरं वाटलं. त्या ग्रुपवर पूर्वी एखादी नवी मुलगी विचारायची, "या एजन्सीबरोबर कुणी काम केलंय का? पैसे वेळेवर देतात का?" पंधरा मिनिटांत तिला चार जणांचे खासगी निरोप जायचे. वर्गणी लोक यासाठी भरतात. सुप्रभातच्या चित्रांबरोबर मी तेही बंद केलं. हे कळायला मला दोन वर्षं लागली, तेही नूतनीकरणं घटली तेव्हा. आता सूचनांच्या ग्रुपवर फक्त ॲडमिन लिहितात आणि चर्चेचा ग्रुप सगळ्यांना उघडा आहे. उघड्यावर एक जण लक्ष ठेवून असतो, कारण तिथे गप्पा दरांवर घसरतात, आणि संघटनेने सभासदांचे दर ठरवणं अनेक देशांत स्पर्धा कायद्यात बसत नाही. २०२२ मध्ये ग्रुपची मर्यादा १०२४ झाली तेव्हा सगळ्यांना एकत्र आणा अशी मागणी आली. मी अडवली. हजार लोकांसमोर ती मुलगी तो प्रश्न विचारेल असं मला वाटत नाही. पण हीसुद्धा माझी भीतीच बोलत असेल, ते नाकारत नाही.

गेल्या महिन्यात आमच्या सहसचिव मुलीने तीस पोस्टचा आराखडा आणला. त्यात सभासदांची नवी पुस्तकं, पुरस्कार, फोटो. मी म्हटलं, त्यांना विचारलंस का? तिने एकेकाचा होकार मोबाइलवर दाखवला. मी मंजुरी दिली.

पहिली पोस्ट एका नव्या सभासदाच्या पहिल्या अनुवादित पुस्तकाची होती. संध्याकाळी लाइकची नावं वर सरकवत पाहत होते, तर त्यांत त्या बाईंचं नाव दिसलं. त्या अजून पेज पाहतात. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. मी तो दोनदा काढला आणि अजून लावलेला नाही.