कोजागिरी ते त्रिपुरी: एका रिटायर कंडक्टरचा महिना

मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी तिकिटाचं मशीन आणि कॅश डेपोत जमा केली, गळ्यात हार, हातात नारळ घेऊन घरी आलो. 31 वर्षं कंडक्टरकी झाली. देगलूर, मुखेड, कंधार, किनवट, मधूनच पुण्याची रातराणी. रोज तीन-चारशे माणसांशी बोललो असेन. पण बोललो काय, तर "कुठं?", "सुट्टे द्या", "पुढं सरका". एवढ्या भांडवलावर घरी बसलेला माणूस काय बोलणार?

जून ते सप्टेंबर मी घरातच होतो. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. गॅसची टाकी किती दिवस गेली याची वही काढली. बायको पोळ्या लाटायची तेव्हा मी शेजारी उभा राहून मोजायचो. एक दिवस तिनं लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, "अहो, गाडी डेपोत लागली. आता घंटी सोडा."

पोरीला पुण्याला फोन गेला असणार. रात्री तिचा व्हिडिओ कॉल आला. "पप्पा, एक महिना. रोज घराबाहेर पडायचं आणि माणसांत बसायचं. कट्ट्यावर बसून रस्ता बघणं धरायचं नाही." मी हो म्हणालो, कारण नाही म्हटलं की ती अर्धा तास समजावते. आमच्या तरोड्याच्या कॉलनीतल्या विठ्ठल मंदिरात कोजागिरीपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत काकडा असतो. महिना आयता मोजलेला मिळाला.

नांदेडात इतकी वर्षं राहून मला नांदेड ठाऊक नव्हतं, हे आधी कबूल करतो. सण म्हणजे आम्हाला जादा गाड्या. दसरा, दिवाळी, माळेगावची यात्रा, सगळं फुटबोर्डवरून बघितलं. 2008 साली गुरु-ता-गद्दीला, म्हणजे गुरू ग्रंथ साहिबला गुरुपद दिल्याला, तीनशे वर्षं झाली, तेव्हा पंजाबातून माणूस लोटला होता. मी ती गर्दी चढवली आणि उतरवली, पण हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या आत पाऊल ठेवलं नाही. फेब्रुवारीत संगीत शंकर दरबार भरतो, मोठमोठे गवई येतात, तेही मी पोस्टरवरच वाचलं.

कोजागिरीची सुरुवात फसली. गच्चीवर मसाला दूध होतं, बायांच्या भेंड्या रंगल्या होत्या, पुरुष मंडळी सोयाबीनच्या भावावर आणि पावसानं झालेल्या नुकसानावर बोलत होती. शेजारी एक गृहस्थ येऊन बसले. माझ्या तोंडून निघालं, "कुठं?" ते म्हणाले, "काय कुठं?" मी म्हणालो, "काही नाही." पुढं अर्धा तास दोघंही दुधाच्या पेल्यात चंद्र शोधत होतो. साडेदहालाच मी खाली उतरलो. बायको बारा वाजता आली, तीही हसत.

पहाटे साडेचारला काकड्याला मात्र गेलो. उठायचं काही वाटलं नाही, पहिल्या गाडीची ड्युटी असली की तीनलाच उठत होतो. मंदिरात पंधरा-वीस माणसं. ज्यांना काकडा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: काकडा म्हणजे मुळात कापडाची पिळून केलेली, तुपात भिजवलेली वात. तिनं देवाला ओवाळायचं, पण त्याआधी दीड-दोन तास भजन असतं. आधी भूपाळ्या, मग वासुदेव, आंधळे, पांगळे या नावांचे अभंग, गौळणी असं करत करत उजाडतं. माईक नाही, तिकीट नाही. गाणाऱ्यांत एक जण पिठाच्या गिरणीवाला, एक रिटायर तलाठी, आणि पखवाजावर भाजी विकणारा एक तरुण. सहा वाजले की तो घड्याळाकडं बघायला लागायचा, कारण माल उचलायला जायचं असायचं.

त्याचा पखवाज मी रोज जवळून बघत होतो. घरून स्टीलच्या छोट्या डबीत तो कणकेचा गोळा आणायचा. पाण्याचा हात लावून तो गोळा डाव्या तोंडाला मधोमध थापायचा, अंगठ्यानं कडा दाबायचा, थाप मारून कान देऊन ऐकायचा. जास्त झाली तर नखानं थोडी काढायचा, कमी पडली तर चिमूटभर लावायचा. उजव्या तोंडासाठी हातोडी वेगळी. भजन संपलं की कणीक खरवडून परत डबीत. मी विचारलं, "रोज नवीन लागते का?" म्हणाला, "हौ काका. शिळी लावली की आवाज रुसतो. ही आता गाईला."

आठवडाभरानं माझ्या हातात टाळ दिले. टाळ वाजवणं सोपं दिसतं, पण ते तसं नाही. माझे हात घाई करायचे. तलाठीबुवा अभंग थांबवून म्हणाले, "मास्तर, डबल बेल देऊ नका. गाडी चालूच हाय." सगळं मंदिर हसलं. मीही हसलो, आणि माझ्या ध्यानात आलं की चार महिन्यांत मी चार लोकांबरोबर एकाच गोष्टीवर पहिल्यांदाच हसलो होतो. त्या दिवसापासून मी डोळे पखवाजवाल्याच्या डाव्या हातावर ठेवायला लागलो. हात खाली आला की टाळ. अजूनही गौळणीत चुकतो.

दुसरा कार्यक्रम पोरीनंच मोबाईलवर शोधून दिला: रविवारी गोदावरीच्या घाटावर स्वच्छता. कोणाची संस्था ते सांगत नाही. माणसं साठ, झाडू दहा, बॅनर दोन. निर्माल्य गोळा करायच्या आधी फोटो, गोळा केल्यावर फोटो, आणि मधल्या वेळात चहा. पोत्यात भरलेलं निर्माल्य न्यायला गाडीच सांगितलेली नव्हती. दुपारी दोन वाजता मी आणि कॉलेजची दोन पोरं पोती ओढत वर आणत होतो. परत गेलो नाही. ती दोन पोरं मात्र आता भेटली की "काका" म्हणून हाक मारतात, तेवढी कमाई.

दिवाळीत बायकोला घेऊन बंदाघाटावर दिवाळी पहाटेला गेलो. तिनं साडेतीनला उठवून उटणं लावलं, अंधारातच घरातून निघालो. घाटावर पोचलो तर पायऱ्या भरत आलेल्या, आणि पुढच्या खुर्च्यांवर रुमाल, पिशव्या, एका खुर्चीवर तर नुसता चष्म्याचा डबा. मला एकदम घरच्यासारखं वाटलं! एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरणारे लोक मी 31 वर्षं सांभाळले. दोन बायांचं एका खुर्चीवरून जुंपलं होतं, मी जाऊन एका मिनिटात मिटवलं. बायको म्हणाली, "आज सुट्टी हाय, बसा."

मग गाणं सुरू झालं. शास्त्रीय मला काही कळत नाही. शेजारच्या बाईंनी सांगितलं की हा भैरव, सकाळचा राग. गाणारा एकाच सुरावर इतका वेळ थांबला की मला वाटलं माईक बिघडला. पण नदीवरून गार वारा येत होता, समोर पाण्यात दिव्यांचे उजेड हलत होते, आणि हळूहळू त्यामागची पलीकडची काठाची रेघ दिसायला लागली. मी घड्याळ बघितलंच नाही. ड्युटीवर असताना उजाडणं म्हणजे पुढचा थांबा जवळ आल्याची खूण असायची. बायको डोळे मिटून बसली होती. लग्नाला तीस वर्षं झाली, दिवाळीच्या पहाटे आम्ही दोघं शेजारी बसलोय असं हे पहिल्यांदाच. घरी येऊन फराळ केला तेव्हा मी पोळ्याही मोजल्या नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात गुडघा धरला, दोन दिवस काकडा बुडाला. तिसऱ्या दिवशी गिरणीवाला सकाळी सात वाजता दारात. "कामून आला नाहीस?" मी गुडघा दाखवला. त्यानं आत येऊन चहा घेतला, गुडघ्यावर मोहरीच्या तेलाचा उपाय सांगितला, आणि उद्या स्कूटरवर न्यायला येतो म्हणाला. आला. कोणी माझी वाट बघितली, हे ड्युटीवर रोजचं होतं, पण तिथं वाट गाडीची असायची.

लंगरमध्ये, म्हणजे गुरुद्वाऱ्यातल्या मोफत जेवणाच्या पंगतीत, मी दर गुरुवारी सेवेला जायला लागलो, तेही तलाठीबुवांच्या सांगण्यावरून. ते म्हणाले, "मास्तर, तुमचे हात मोकळे राहिले की तुम्ही बिघडता. तिकडं जा." सचखंड गुरुद्वाऱ्यात, म्हणजे त्याच हुजूर साहिबात, डोक्याला रुमाल बांधला, चपला जोडाघरात दिल्या, पाय धुतले. गुरू गोविंदसिंहांचं महानिर्वाण 1708 साली याच नांदेडात झालं, आणि आजचं गुरुद्वाऱ्याचं बांधकाम महाराजा रणजितसिंहांनी 1832 ते 1837 या काळात करवून घेतलं, हे मी शाळेत पाठ केलं होतं. पण आत कीर्तन चालू असताना, तबला-पेटीवर, येणारे-जाणारे वाकून निघून जातायत आणि म्हणणारे आपले म्हणतायत, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं.

लंगरमध्ये पहिल्या दिवशी कांदे सोलायला बसवलं. दुसऱ्या गुरुवारी एका सरदारजींनी अस्सल मराठीत विचारलं, "काका, वाढता का?" आणि रोट्यांची टोपली हातात दिली. रोटीला परशादा म्हणायचं, आणि समोरच्यानं दोन्ही हात पुढं केले की त्या हातांवर ठेवायची, ताटात टाकायची नाही. मी निघालो. बाजूचे सेवादार "परशादा जी, परशादा जी" करत होते. माझ्या तोंडून आलं, "पुढं सरका, पुढं सरका." पंगत खरंच सरकली. पाच-सहा माणसांना जागा झाली. सरदारजी हसले आणि तेव्हापासून पंगत बसवायचं काम माझ्याकडं लागलं.

रांगेतून चालताना माझी पावलं आपोआप तशीच पडत होती, एक इकडं एक तिकडं, तोल सांभाळून. फरशी हलत नव्हती तरी. खांद्याला पट्टा नव्हता, एवढाच फरक. आणि कोणाकडून काही घ्यायचं नव्हतं. वाढायच्या पहिल्या दिवशी हे फार अवघड गेलं. माणूस समोर आला की हात पुढं यायचा, पैशासाठी.

त्रिपुरीला काकड्याची समाप्ती झाली. काल्याचं कीर्तन झालं, लाह्या-दही वाटलं, बुंदी-पुरीचा महाप्रसाद झाला. पट्टीचा हिशेब माझ्याकडं होता, एक रुपयाचा फरक आला नाही. ईपीएस-95 ची, म्हणजे पीएफ ऑफिसकडून मिळणारी पेन्शन किती असते ते एसटीवाल्यालाच ठाऊक, त्यामुळं माझ्या खर्चाचंही सांगतो: काकड्याची पट्टी 501, कोजागिरीच्या दुधाचे 100, बाकी सिटी ऑटोचं भाडं. महिना त्यात बसला.

त्यानंतरच्या गुरुवारी लंगरमध्ये एक आजी पंगतीत बसल्या होत्या. मी परशादा पुढं केला. त्यांनी एक हात मागं घेतला. "अर्धीच दे बाबा, दात नाहीत." मी रोटी मोडली, तशा त्या माझ्याकडं बघत राहिल्या.

"तू किनवट गाडीचा न्हवं?"

"हौ, आजी."

"तवा बी अर्धंच देत होतास." मार्च 2023 पासून बायांना अर्धं तिकीट झालं, त्याचं त्या बोलत होत्या. शेजारच्या बायका हसायला लागल्या. मग आजींनी विचारलं, "आता कोणत्या गाडीवर हाय?"

"इथंच."

"मग मला सांग, किनवटची आता कितीला हाय?"

मी मनगटावरच्या घड्याळाकडं बघितलं आणि गाडी सांगितली. फलाटावर लवकर जा, उजवीकडची खिडकी धरा, दुपारचं ऊन तिकडं येत नाही, हेही सांगितलं. आजींनी मान हलवली आणि उरलेली अर्धी रोटी मागितली. मी ती दोन्ही हातांवर ठेवली आणि पुढच्या माणसाकडं सरकलो.