उत्तर लुझॉनची खाचरे आणि वरून निखारे

फिलिपिन्सला जाणारे बहुतेक जण बोराकाय किंवा पालावानचा किनारा गाठतात. ज्याचे बालपण मालवणात गेले, त्याला वाळूसाठी एवढा लांबचा प्रवास करण्याचे अप्रूप वाटत नाही. म्हणून डिसेंबरात मनिलाहून रात्रीची बस धरली आणि सकाळी लुझॉन बेटाच्या उत्तरेकडील इफुगाव प्रांतात, बानावे येथे उतरलो. पुढे ‘जीपनी’ ही तिकडची लांबट जीपसारखी प्रवासी गाडी आणि शेवटचा टप्पा पायी, असे करत बाताद गाव आले.

डोंगराच्या अर्धवर्तुळाकार कुशीत बातादची भातखाचरे पायऱ्यांसारखी खाली उतरतात. युनेस्कोने १९९५ साली जागतिक वारसा ठरवलेल्या पाच समूहांपैकी हा एक. बांध चुन्याशिवाय रचलेल्या दगडांचे, आमच्याकडच्या गडग्यांसारखे; मात्र गडगा केवळ कुंपण असतो, तर इथला बांध चिखलपाण्याने भरलेल्या आख्ख्या कुणग्याचा भार पेलतो. खाचरांच्या वर कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या राखलेली झाडी असते, तिला ‘मुयोंग’ म्हणतात. ती पावसाचे पाणी धरून ठेवते, आणि तेच पाणी झऱ्यापाटांनी एका खाचरातून दुसऱ्या खाचरात उतरते. प्रवासपुस्तिकांत ही शेते सरसकट दोन हजार वर्षांची ठरवलेली असतात. अलीकडच्या उत्खननांवरून मात्र, सोळाव्या शतकात आलेल्या स्पॅनिशांना चुकवून डोंगरांत सरकलेल्या लोकांनी ही ओली भातशेती वाढवली असावी, असे मत पुढे आले आहे. मला ही दुसरी हकिगत अधिक थोर वाटते.

तिथून पश्चिमेच्या विगान शहरात गेलो. हे स्पॅनिश काळातले शहर १९९९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. घोडागाड्या आणि फरसबंद रस्ता छायाचित्रांत पाहिलेलेच होते. थबकलो ते खिडक्यांपाशी. काचेऐवजी तिथे ‘कापीस’ शिंपल्यांचे पातळ तुकडे लाकडी चौकटींत बसवलेले असतात, आणि गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांतही त्याच जातीचे शिंपले आहेत.

विगानच्या चौकात एम्पनादा खावी. तांदळाच्या पिठाची केशरी पारी, आत किसलेली कच्ची पपई, अंडे आणि डुकराच्या मांसाचे सॉसेज. तळून काढतात आणि उसाच्या व्हिनेगरबरोबर देतात. व्हिनेगरला तिकडे ‘सुका’ म्हणतात, हे सुक्या मासळीवर वाढलेल्या माणसाने लक्षात ठेवलेले बरे! आंबटपणा हाच या देशाच्या स्वयंपाकाचा कणा आहे: सिनिगांग हे चिंच घातलेले मासळीचे किंवा मांसाचे सार, किनिलाव म्हणजे व्हिनेगरात मुरवलेली कच्ची मासळी. तिखट मात्र फारसे नाही, त्यामुळे सिनिगांगच्या वाटीत मी अखेर हिरवी मिरची मागून घेतली. शाकाहाऱ्यांनी पिनाकबेतपासून सावध राहावे. कारली, वांगी, भेंडी पाहून जीव हरखतो, पण त्यात आंबवलेल्या मासळीचे किंवा कोलंबीचे ‘बागोओंग’ असते.

परतताना मनिलात, नाताळापूर्वीच्या नऊ दिवसांच्या पहाटेच्या प्रार्थना चालू होत्या आणि चर्चबाहेर बिबिंगका भाजली जात होती. गोव्याची बेबिंक थरांची, ही एकाच थराची. तांदळाचे पीठ आणि नारळाचे दूध केळीच्या पानावर ओतून खाली-वर निखारे ठेवतात. बेबिंकेलाही शेक वरूनच देतात. इथे मात्र त्यावर खारवलेल्या बदकाच्या अंड्याची चकती असते. ती मी आधी बाजूला काढली, आणि दुसऱ्या बिबिंगकेच्या वेळी काढली नाही.