नळी निघाल्यानंतरचं वर्ष

फुप्फुसाभोवतीची हवा काढायला छातीत घातलेली नळी सहाव्या दिवशी निघाली. इंदुरात रामबागेतल्या घरी पोचेपर्यंत मनाईची यादी तयार होती: बादली उचलायची नाही, जिना चढायचा नाही, शिकंजी नाही, दही नाही. आजीने भर घातली, "जोरात हसूसुद्धा नकोस रे." यादीत सिगारेट नव्हती, कारण घरात कुणाला ती माहीतच नव्हती. खरं तर तीच सगळ्यात वर हवी होती.

आधीचा काही आजार नसताना, मार लागलेला नसताना असा न्यूमोथोरॅक्स, म्हणजे फुप्फुसातून निसटलेली हवा भोवती साठून ते मिटणं, एकदा झाला, की साधारण तिघांतल्या एकाला तो पुन्हा होतो. त्यातले बहुतेक पहिल्याच वर्षात. दुसऱ्यांदा झाला की तिसऱ्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते. जुना टीबी, दमा, सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) यांनी आधीच खराब झालेल्या फुप्फुसाला धोका याहून जास्त, आणि तिथे थोडी हवासुद्धा जड जाते.

वॉर्डात सगळ्यांची नजर नळी जोडलेल्या पाण्याच्या बाटलीवर असते आणि गैरसमजही तिथूनच सुरू होतात. नळीचं बाहेरचं टोक त्या पाण्यात साधारण दोन सेंटिमीटर बुडवलेलं असतं. श्वास घेतला की नळीतलं पाणी वर चढतं, सोडला की उतरतं. खोकल्यावर बुडबुडे आले तर फुप्फुसाचं भोक अजून उघडं आहे. पाणी हलायचं थांबलं की भेटायला आलेले म्हणतात, "चला, बरं झालं." फुप्फुस पूर्ण फुगल्यावर ते थांबतं हे खरं, पण नळी मांडीखाली मुडपली तरी थांबतं. कुठलं कारण आहे ते एक्स-रेच सांगतो. बाटली कायम छातीच्या खाली धरायची, नाहीतर पाणी उलटं आत जातं. बुडबुडे चालू असताना नळीला चिमटा लावून संडासला जाणं तर फार वाईट: आत कोंडलेली हवा दुसऱ्या फुप्फुसाला आणि हृदयाला दाबू लागते. पाचेक दिवसांनंतरही गळती राहिली तर सर्जनला बोलावतात. माझी तिसऱ्या दिवशी थांबली.

ही नळी हवा काढते. पुन्हा होऊ नये याची सोय तिच्यात नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. उलट ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये झालेली आणि २०२० साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी आहे. तिच्यात नळी न घालता नुसतं लक्ष ठेवलेल्यांत वर्षभरात शंभरी सुमारे ९ जणांना पुन्हा झाला, नळी घातलेल्यांत सुमारे १७ जणांना. फुप्फुस थोडे दिवस मिटलेलं राहिलं की भोक भरून यायला सवड मिळते, असा त्यामागचा तर्क. आतली हवा रोज दोनेक टक्क्यांनी आपोआप शोषली जाते. मात्र हे दम न लागणाऱ्या, नाडी-बीपी स्थिर असलेल्या माणसासाठी. माझ्यासारखा धापा टाकत आलेला त्यात बसत नाही.

आता कारणांकडे. उंची सहा फूट, वजन चोपन्न किलो, वय चोवीस: अगदी पुस्तकातला नमुना. उंच माणसाच्या फुप्फुसाच्या शेंड्यावर ताण जास्त पडतो. तिथे, हासळीच्या हाडामागे, पृष्ठभागालगत हवेचे बारीक फुगे होतात. लहान तो ब्लेब, मोठा तो बुला. एक फुटला आणि मिटला, तरी शेजारचे तसेच राहतात. सीटी स्कॅनमध्ये ते बहुतेक रुग्णांत दिसतात, म्हणून रिपोर्टात 'ब्लेब' वाचून घाबरण्यात अर्थ नाही. किती आहेत, केवढे आहेत, दोन्ही बाजूंना आहेत का, हे विचारायचं. घरात आणखी कुणाला झाला होता का, हेही सांगायचं, कारण काही प्रकार आनुवंशिक असतात. बायकांना पाळी सुरू झाल्यापासून तीनेक दिवसांत दुखणं येत असेल तर ती तारीख लिहून ठेवावी. तो वेगळाच प्रकार असतो आणि उपचारही वेगळा.

उंची माझ्या हातात नाही, सिगारेट होती. पुरुषांत तिच्यामुळे पहिल्या न्यूमोथोरॅक्सचा धोका सुमारे २२ पट वाढतो. पहिल्यानंतर ज्यांनी सोडली, त्यांना पुन्हा होण्याची शक्यता ओढत राहणाऱ्यांच्या साधारण एक चतुर्थांश. गांजा आणि हुक्का यांतही सूट नाही. गांजाचा दम आत धरून ठेवणाऱ्यांत तर मोठाले बुले दिसतात. इंदुरात सकाळ म्हणजे पोहे, चहा आणि तिसरी ती. सोडायला मी निकोटीनचं च्युइंगगम घेतलं. उठल्यावर अर्ध्या तासात सिगारेट लागत असेल तर चार मिलिग्रॅमचं, एरवी दोनचं. ते साध्या च्युइंगगमसारखं चघळत राहिलं तर उचकी लागते. जीभ चुरचुरली की थांबून गालात ठेवायचं, चुरचुर गेली की पुन्हा चावायचं, असं अर्धा तास. चहा त्याआधी पंधरा मिनिटं बंद, कारण चहा-कॉफीने निकोटीन नीट शोषलंच जात नाही. पहिल्या आठवड्यात माझं इथेच चुकत होतं.

आजीच्या यादीतलं दही मी दुसऱ्याच दिवशी खाल्लं. जिना, चालणं यांनी हा त्रास परत येतो असं नाही. बहुतेकांना तो बसल्याजागी, झोपेतसुद्धा होतो. जड वजन तेवढं चार ते सहा आठवडे टाळायला सांगतात, तेवढं पाळलं. मामाने मात्र फुप्फुस मजबूत करायला कपालभाती सुचवली. कपालभातीनंतरच न्यूमोथोरॅक्स झाल्याची एक नोंद २००४ साली वैद्यकीय नियतकालिकात आलेली आहे. जोराचे झटके आणि कुंभक (श्वास रोखून धरणं) तेव्हापासून बंद, साधा दीर्घ श्वास चालू. प्रचंड आवाजाच्या स्पीकरजवळ उभं असताना झाल्याच्याही तुरळक नोंदी आहेत. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे इथल्या मिरवणुकीत, मी स्पीकरच्या गाडीपासून लांब राहिलो, थोडा भित्रेपणा म्हणा.

पुण्याला विमानाने जायचं होतं. विमानामुळे फुप्फुस फुटतं असं नव्हे. आत हवा उरली असेल तर ती फुगते, हा धोका. इंदूर आधीच साडेपाचशे मीटरवर आहे, तरी विमानातल्या कमी दाबाला तीच हवा सव्वापटीहून जरा जास्त जागा घेते. म्हणून एक्स-रे पूर्ण स्वच्छ आल्यावर किमान सात दिवस थांबायचं. नळी निघाल्याची तारीख यात मोजत नाहीत. तारकर्लीचं स्कूबा मात्र कायमचं गेलं. दहा मीटर खोल दाब दुप्पट असतो. वर येताना बुल्यात अडकलेली हवाही दुप्पट होऊ पाहते. दोन्ही बाजूंची शस्त्रक्रिया झाल्याखेरीज त्याला परवानगी नाही.

त्याच बाजूला दुसऱ्यांदा किंवा समोरच्या बाजूला पहिल्यांदा झाला, की दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचा विषय निघतो. पायलट आणि पाणबुडे यांना पहिल्याच वेळी. ब्लेबचा भाग स्टेपलने बंद करून कापतात आणि फुप्फुसाचं आवरण खरवडून किंवा टाल्कची पूड टाकून आतून चिकटवतात. त्यानंतर पुन्हा होण्याचं प्रमाण शंभरात पाचच्या आसपास उतरतं. टाल्कनंतर दोन दिवस ताप आणि छातीत चांगलंच दुखतं, हे आधी माहीत असलेलं बरं.

डिस्चार्ज कार्ड आणि शेवटच्या एक्स-रेचा फोटो फोनमध्ये वेगळा ठेवलाय. एका बाजूला अचानक टोचलं, श्वासाबरोबर वाढलं, की गॅसची गोळी घेऊन बघत बसायचं नाही. कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य, "पहले भी लंग कोलॅप्स हो चुका है, बाईं तरफ." तेवढ्याने ईसीजीबरोबर उभ्याने एक्स-रेही लगेच होतो. ओठ निळे पडले, नाडी धावू लागली, चक्कर आली, तर स्कूटरवर मागे बसून निघायचं नाही, १०८ लावायचा. हे मी आजीलाही पाठ करून घेतलंय.