बरगे काढायची तारीख कुणी द्यायची? माझा अनुभव

दूधगंगेवरचा आमचा बंधारा हद्दीवर आहे. अलीकडचे गाळे, म्हणजे पाणी जायच्या वाटा, कर्नाटकात, पलीकडचे महाराष्ट्रात. पहिल्या पावसात मासे वर चढतात, त्या चढणीच्या आधी गाळ्यांतले बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या लाकडी फळ्या, निघाव्यात, एवढ्यासाठी मी अकरा खेपा घातल्या. त्यांतल्या सात आमच्याकडच्या पाटबंधारे कार्यालयातल्या एकाच टेबलापाशी गेल्या. अजून आठवलं की डोकं तापतं.

आम्ही भोई. पहिल्या पावसानं नदी गढुळली की शिंगाळे, मळे हे मासे वर चढायला लागतात. ओढ्याच्या तोंडाशी, काठच्या बुडालेल्या गवतात त्यांना अंडी घालायची असतात. बरगे तसेच असले की सगळे तिथंच अडतात. दोन वर्षांमागे जूनमध्ये रात्री बॅटरी घेऊन मी खाली उतरलो होतो. एक शिंगाळ्याची मादी उसळून बरग्यावर आदळली आणि ओल्या लाकडावर तिची गाभोळी पसरली. मागे लोक पोती घेऊन उभे होते. दुसऱ्याच दिवशी आमच्या मच्छीमार संस्थेत अर्ज द्यायचं ठरलं.

ठराव, पंचायतीचं पत्र, सह्या, सगळं आठवड्यात झालं. मग ते टेबल आलं.

पहिल्या खेपेला, "मराठीत आहे, कन्नडमध्ये आणा." तक्रारीचा अर्ज राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतो, घटनेचं कलम ३५० तसं सांगतं. मी ते दाखवलं. अर्ज घेतला, पण हलला नाही. म्हणून सांगतो, हक्क सोडू नका, मराठी अर्ज द्याच, पण सोबत कन्नड प्रत जोडा. फाइल वर जाते ती त्या प्रतीवर.

दुसऱ्या खेपेला, "बरगे पलीकडचे लोक काढतात." पलीकडे गेलो. "तुमच्या हद्दीतले गाळे तुमच्याकडेच." परत आलो. "मग तारीख त्यांच्याकडून लिहून आणा." ते म्हणाले, "आधी तुमच्या साहेबांनी द्यावी, पाणी तुमचेही शेतकरी उपसतात." असं चार वेळा झालं. दर वेळी दिवसाची मजुरी बुडाली. पाचव्या खेपेला टेबलवाला म्हणाला, "माशांसाठी तारीख द्यायचा नियमच नाही, काका." त्या दिवशी बसमध्ये मला रडू आलं.

शेतकऱ्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. माझ्या चुलतभावाची मोटर त्याच पाण्यावर आहे. बरगे काढले आणि पाऊस लांबला तर ऊस वाळतो. म्हणून आम्ही मागणी बदलली. आधी मधले तीनच गाळे, तेही रोज थोडे थोडे बरगे काढून, म्हणजे काठचं पाणी एकदम उतरून अंडी उघडी पडणार नाहीत. बाकीचे गाळे नदी वाढल्यावर.

ही कल्पना भाच्यामुळं सुचली. तो बेळगावला इंजिनिअरिंगला आहे. अमेरिकेतल्या कोलंबिया नदीचं त्यानं मला वाचून दाखवलं. तिथल्या बोनव्हिल धरणावर १९३८ पासून सॅमन माशांना चढायला पायऱ्या आहेत. त्याच नदीवरच्या ग्रँड कुली धरणाला त्या ठेवल्याच नाहीत, वरची नदी माशांना बंद झाली. आणि त्याच नदीच्या हॅनफोर्ड पट्ट्यात चिनूक सॅमन अंडी घालतात त्या दिवसांत वरच्या प्रीस्ट रॅपिड्स धरणातून दिवसा पाणी कमी सोडतात, म्हणजे मासे काठाला उंचावर अंडी घालत नाहीत. पुढं पिल्लं निघेपर्यंत अंडी उघडी पडतील इतकं पाणी उतरू देत नाहीत. तसा करार १९८८ साली झाला. ते पान मी अर्जाला जोडलं.

काम मात्र फिरलं ते माहिती अधिकारानं. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावली आणि एकच विचारलं : गेल्या पाच वर्षांत बरगे कोणत्या तारखेला काढले, कुणाच्या सहीनं? कर्नाटकात हा अर्ज एकाच विषयावर, १५० शब्दांत बसवावा लागतो, नाहीतर परत येतो. ३० दिवसांच्या आत नोंदवहीची प्रत आली. दर वर्षी तारीख वेगळी, आणि खाली दोन्ही काठांच्या सह्या! म्हणजे दोघं मिळूनच तारीख ठरवत होते. मला का फिरवलं मग?

ती प्रत घेऊन नव्यानं आलेल्या अभियंता बाईंकडे गेलो. त्यांनी अमेरिकेचं पान दोनदा वाचलं, पलीकडच्या साहेबांना माझ्यासमोर फोन लावला, चार मिनिटांत तारीख ठरली. सात खेपांचं काम चार मिनिटांचं होतं.

हो, एक राहिलं. प्रत्येक कागदाच्या आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. माझ्या पहिल्या अर्जावर तो नव्हता, म्हणून "तुमचा अर्जच नाही" असंही ऐकावं लागलं. आणि अर्ज फेब्रुवारीतच द्या, मे महिन्यात कुणी जागेवर सापडत नाही.

यंदा मेअखेरीस मधले गाळे मोकळे झाले. पाणी चढलं त्या रात्री मी पुलावर बसून होतो. बॅटरीच्या उजेडात पहिला शिंगाळा गाळ्याच्या तोंडाशी थोडा थबकला, शेपटी मारली आणि वर गेला. मागून आणखी दोन.

खालच्या बंधाऱ्याचा अर्ज परवा दिला. आवक क्रमांक घेतलाय.